उपरण्याच्या तीन गाठी

नळदुर्ग,
वेळा अमावस्येनंतरचा, म्हणजे आपल्या येळवशीनंतरचा मंगळवार

चि. शिवप्रिया हिस,

महानंदा आत्याचे शरणु शरणार्थी आणि पोटभर आशीर्वाद. (नावाआधी 'डॉ.' लिहायला हात शिवशिवत होता, पण अजून दीड वर्ष बाकी आहे असं तूच म्हणतेस, तेव्हा तूर्त 'चि.'वर भागव. तसंही आपल्याकडं 'डॉ.' लावून घेण्यात धोका आहे. कल्याणप्पानं, म्हणजे तुझ्या अप्पानं, ढाब्यावर एकदा 'माझी लेक पुण्यात डॉक्टर होतीय' एवढंच म्हटलं होतं, तर गेल्या दिवाळीत तू गल्ल्याशी बसलीस तेव्हा दोन ट्रक ड्रायव्हर आ करून घसा दाखवायला उभे राहिले होते, आठवतं ना?)

इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य बत्तीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवताना फळ्यावर लिहीत आले, त्यामुळं हात आपोआप लिहून गेला. खरं सांगायचं तर कल्याणप्पाचा घसा बसलाय (ओरडून), तुझ्या अव्वाचे, म्हणजे माझ्या भावजयीचे, खांदे भरून आलेत (भाकरी थापून), महालिंगप्पाकाका चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी मान खाली घालून पेठेतून जाते. कारण पुढं येईलच. तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या जंतूंची कशी आहे? त्यांना वेळेवर खायला घालतेस, उबेत ठेवतेस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन बघून येतेस, आणि स्वतः मात्र पाच वाजता दोन बिस्किटं खाऊन 'जेवण झालं' म्हणतेस. पुढच्या जन्मी मला माणूस व्हायचं नाही, तुझ्या बाटलीतला जंतू व्हायचंय.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. तर या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. तुझी अव्वा पोळपाटावरून बोलते, कडूबाई भांडी घासता घासता उत्तर देते, आणि फोन ज्याचा आहे त्याला शेवटी फक्त 'बरं, ठेवू का' एवढंच बोलायला मिळतं. मला जे सांगायचंय ते असं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. शिवाय त्यात माझी चूक आहे, आणि स्वतःची चूक कागदावर जरा बऱ्या अक्षरात तरी लिहिता येते.

तर मूळ मुद्दा. येळवशीच्या पंधरा दिवस आधी तुझा तो नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. सोलापूरच्या शिवलिंगप्पांच्या बसवेशचं स्थळ आलंय, येळवशीला ती मंडळी आपल्या शेतावर येणार, तिथंच अप्पा शब्द देणार, शब्द दिला की फाल्गुनात लग्न, आणि लग्न झालं की सोलापूरचं कापडदुकान. म्हणजे पाच वर्षांचं काम अर्ध्यावर सोडून तुला साड्यांच्या घड्या घालाव्या लागणार. मुलाबद्दल तुझी तक्रार नव्हती, वेळेबद्दल होती. म्हणून मी अप्पाला तुझं काम समजावून सांगायचं, आणि दीड वर्ष मागून घ्यायचं. पाच वर्षं बापाला जे कळलं नाही ते आत्यानं पंधरा दिवसांत समजवायचं. (तुमच्या प्रयोगशाळेत असली मुदत कुणी कुणाला देतं का?)

मी मेसेज सात वेळा ऐकला. तिसऱ्या वेळेपासून कडूबाई पण शेजारी बसू लागली. मला जे कळलं ते लिहिते, चुकलं तर लाल शाईनं दुरुस्त करून पाठव, मी वाईट वाटून घेणार नाही. जंतूच्या पोटात एक मूळ पोथी असते. पोथी जागची हलवत नाहीत, म्हणून लागेल तेवढा मजकूर एका चिठ्ठीवर उतरवून घेतात, आणि त्या चिठ्ठीबरहुकूम आत प्रथिनं तयार होतात. ही निरोपाची चिठ्ठी फार टिकत नाही, काही मिनिटांत तिचे तुकडे होतात, आणि ते व्हायलाच पाहिजेत, नाहीतर कालचा निरोप आज पण पाळत बसायचे. आता गंमत अशी, की काही वेळा एकाच लांब चिठ्ठीवर दोन निरोप एकाखाली एक लिहिलेले असतात. वरचा थोडा वेळच हवा असतो, खालचा पुष्कळ वेळ. म्हणून आवरणाला चिकटून बसलेली एक कात्री ती चिठ्ठी मधोमध नव्हे, तर नेमक्या जागी कापते. वरचा तुकडा लवकर जिरून जातो, खालचा टिकतो. पण कात्रीला स्वतःचं डोकं कमी. तिला वळण लावायला तीन प्रथिनं एकमेकांना धरून बसलेली असतात. (त्यांची नावं तू सांगितलीस, पण ती मोटारीच्या नंबरासारखी आहेत, माझ्या लक्षात राहिली नाहीत.) तिघांतलं एक जरी काढलं तरी उरलेली दोघं काही कामाची राहत नाहीत, आणि चिठ्ठी कापायची तिथं कापलीच जात नाही. आणि तू पाच वर्षं करतेस काय, तर आळीपाळीनं एकेकाला काढतेस आणि काय बिघडतं ते बघतेस. कडूबाईचं यावर म्हणणं असं पडलं, की एवढ्यासाठी पुण्याला कशाला जायचं, तिच्या दोन्ही सुना हेच करतात.

मग मी कल्याणप्पाला गाठलं. तो पेपर वाचत होता. मी पोथीपासून सुरुवात केली. त्यानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "रोग होतो का त्या जंतूनं?" म्हटलं, नाही, मातीत राहणारा साधा जंतू आहे. "मग औषध होतंय का त्याचं?" म्हटलं, लगेच तसं काही नाही. "रोग न्हाय, औषध न्हाय, मग माझी लेक पाच वर्षं बघतीय काय?" मी कात्रीपाशी आले तोवर तो उठून ढाब्यावर निघून गेला होता. तुझ्या अव्वानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते तिघं म्हणजे नवरा, बायको आणि सासू आहेत का, एवढंच विचारलं.

आता मी पडले मास्तरीण. मुलांना अपूर्णांक सांगून कळला नाही की मी भाकरी मोडून दाखवायची. तेव्हा मला वाटलं, याला सांगून उपयोग नाही, दाखवलं पाहिजे. आणि दाखवायला लांब जायचीही गरज नव्हती, कारण तुझ्या जंतूच्या पोटात जे चालतं ते आपल्या ओसरीवर दरवर्षी येळवशीच्या आधी चालतं. माझ्या हे आधी कसं लक्षात आलं नाही याचं मलाच नवल वाटलं. (पुढं जे झालं ते पाहता लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं.)

आवतण म्हटलं की तुला आता मोबाईलवरची पत्रिका आठवत असेल, म्हणून सगळं नव्यानं सांगते. येळवशीच्या दिवशी ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात असतो. ज्याला नाही, त्यानं दुसऱ्याच्या शेतात जेवायचं. म्हणून आपण पेठेतल्या बिनशेतीच्या लोकांना बोलावतो. आवतणाचे दोन प्रकार. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. आणि चूलबंद म्हणजे त्या घरी चूल पेटायची नाही, म्हातारी-पोरं सगळी आपल्याकडं. आपल्या घरातर्फे आवतण द्यायला चाळीस वर्षं महालिंगप्पाकाका जातात. आवाज खणखणीत, चाल ताठ, पाठांतर चोख. खोड एकच: निरोप कुठं थांबवायचा ते त्यांना कळत नाही. एकदा सुरू झाले की 'देवाला नारळ' पासून 'गुळाची ढेप उतरवून घ्या' पर्यंत सगळं एकाच दारात बोलून मोकळे.

म्हणून तर आम्ही तिघी आहोत. कल्याणप्पा सगळं एका दमात सांगतो आणि निघून जातो. मग काकांना ओसरीवर उभं करून तुझी अव्वा त्यांच्याकडून तो निरोप म्हणवून घेते. एक तुकडा संपला की कडूबाई 'हं, हे झालं' म्हणते. आणि त्या 'हं'वर मी त्यांच्या उपरण्याला एक गाठ मारते. जितके तुकडे तितक्या गाठी. काका दारात गेले की उपरणं चाचपतात, ज्या गाठीचं घर तेवढंच बोलतात आणि पुढं जातात. तिघींतली एक नसेल तर काय होतं, हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं, कारण आम्ही तिघी कधी चुकलोच नव्हतो.

या वर्षी कल्याणप्पा म्हणाला तो निरोप जसाच्या तसा लिहिते, कारण सगळा घोटाळा त्याच्यात आहे: "सोलापूरला चूलबंद, पेठेत घरटी एक, अन् शिवप्रियाचं ठरलं की मग बोलू, आत्ता तोंडातून अवाक्षर काढायचं न्हाय." यातला तिसरा तुकडा खुद्द काकांसाठी होता, तो पोटात ठेवायचा. त्याच्यासाठी मी दरवेळी उपरण्याच्या आतल्या बाजूला गाठ मारते. पण या वर्षी मी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडले. तुझ्यासारखंच. तिघांतल्या एकाला काढायचं आणि बघायचं. दुसऱ्या कुणाला काढायचं धाडस झालं नाही, म्हणून मी मलाच काढलं. मला वाटलं होतं, काका पेठेत एक-दोन ठिकाणी गडबड करतील, मी पळत जाऊन सावरीन, आणि संध्याकाळी कल्याणप्पाला म्हणीन, बघ, हे तुझी लेक शोधते. पण डोकं दुखण्याचं सोंग करता करता मला खरोखर झोप लागली. उठले तेव्हा चार वाजले होते आणि काका पेठ संपवून घरी चहा पीत होते.

तुझी अव्वा आणि कडूबाईनं आपलं काम बिनचूक केलं होतं बरं का. निरोप म्हणवून घेतला होता, 'हं'ही म्हटलं होतं. पण गाठी नव्हत्या. मग काकांनी काय केलं, तर जे पाठ होतं ते पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. पहिली लागली पेठ, तिला मिळालं 'चूलबंद'. पेठ संपल्यावर मानानं सोलापूरला फोन लावला, तोवर पुढचा तुकडा आला होता, म्हणून शिवलिंगप्पांना मिळालं 'घरटी एक'. आणि तिसरा तुकडा ते पेठेतून परत येताना प्रत्येक दुकानात बोलायला लागले, 'शिवप्रियाचं ठरलं...' पण एवढं ऐकलं की दुकानदार 'अरे वा!' करून उठायचा, चहा सांगायचा, हातावर पेढा ठेवायचा, आणि 'की मग बोलू' हे काकांच्या तोंडातच राहायचं. पस्तीस दुकानांत तो निरोप नेमका 'ठरलं'पाशी कापला गेला. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी काकांना विचारलं, नीट झालं का? ते म्हणाले, "लई मानानं झालं." चेहऱ्यावर साखर होती.

येळवशीच्या दिवशी आम्ही साठ माणसांचा स्वयंपाक नेला होता. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, आंबिलीचं मडकं सावलीला ठेवलं, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं उघडलं, आणि बांधावरून माणसं यायला लागली. आधी कापडवाले, मग भांडेवाले, मग झेरॉक्सवाला त्याच्या मेहुणीसकट. चूलबंद म्हणजे चूलबंद. एकानं आजारी सासऱ्याला टेम्पोत गादी टाकून आणलं होतं. बारा वाजेपर्यंत अडीचशे माणूस तुरीच्या ओळींतून बसलं होतं, आणि प्रत्येक जण आधी जेवायच्या ऐवजी कल्याणप्पाला मिठी मारत होता. तो 'अहो, अजून काही न्हाय' म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं, बघा, केवढा विनय! शेवटी ढाबा बंद करून तिथली डाळ आणि रोट्या शेतावर मागवल्या. त्यांच्या मागोमाग ढाब्यावर ताटकळलेले ट्रक ड्रायव्हर पण आले. त्यांनीही कल्याणप्पाचं अभिनंदन केलं आणि जेवायला बसले.

या सगळ्यात एक पांढरा शर्ट हातात मिठाईचा पुडा घेऊन एकटाच बांधावर उभा. बसवेश. 'घरटी एक' ऐकून शिवलिंगप्पा एवढे रागावले होते, की ज्यांच्या घरी सोयरीक करायची ते आपल्याला मोजून बोलावतात काय, मग जा एकटाच, म्हणून त्यांनी पोराला पाठवलं. पोरगं उतरलं, आणि पहिल्या पाच मिनिटांत चाळीस माणसांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. कशाबद्दल ते त्याला कळेना. इकडं येळवशीला अशीच रीत असेल असं समजून तोही भेटेल त्याचं अभिनंदन करू लागला. झेरॉक्सवाल्याच्या मेहुणीचं तर त्यानं दोनदा केलं.

इथवर मला, खोटं कशाला बोलू, हसू येत होतं. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. कल्याणप्पाच्या सगळं ध्यानात आल्यावर तो सरळ महालिंगप्पाकाकांपाशी गेला आणि अडीचशे माणसांसमोर त्यांना बोलला. शहात्तर वर्षांचा माणूस. काकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांत पसरून धरलं आणि म्हणाले, "गाठी कुठं हायत? कल्याणप्पा, मला या वर्षी गाठीच दिल्या न्हायत." मला फार लाज वाटली, शिवप्रिया. चाळीस वर्षं ज्यांनी आपल्या घराचा निरोप मानानं नेला, त्यांना मी माझ्या हुशारीपायी लोकांत खाली बघायला लावलं. मी तिथंच पुढं होऊन सांगितलं, की काकांची चूक नाही, मी मुद्दाम गाठी मारल्या नाहीत, शिवप्रियाचं ते तीन प्रथिनांचं काम तुला दाखवायचं होतं. कल्याणप्पानं माझ्याकडं नुसतं बघितलं, "अक्का, तू शिकलेली हायस," असं म्हणाला आणि पाणी वाढायला निघून गेला. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. काकांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी पाय पोटाशी घेतले. रविवारी मी आपणहून ढाब्यावर गेले, गिऱ्हाईक कमी होतं, आणि गल्ल्याशेजारी बसून राहिले. वेटर ऑर्डरची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत वर दोन शेवभाजी, खाली पंधरा माणसांच्या रोट्या, त्या लागतील तशा पाठवायच्या. कल्याणप्पानं ती घेतली, भाजीच्या ओळीखाली टरकन फाडली, वरचा तुकडा आचाऱ्याला दिला आणि खालचा तंदूरवाल्याच्या तारेला अडकवला. आचाऱ्यानं भाजी उतरवली आणि तुकडा चुलीत टाकला. रोट्यांची चिठ्ठी लटकतच राहिली. कल्याणप्पा तिच्याकडं बघत बसला. मी तोंड उघडलं नाही. (हे मला किती अवघड गेलं असेल ते तूच जाणतेस.) बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "भाजीची चिठ्ठी राहिली, तर आचारी पुन्हा भाजी टाकतोय. रोटीची गेली, तर लोक उपाशी. व्हय?"

मी म्हटलं, व्हय.

"मी मालक हाय, मला कळतंय कुठं फाडायची. त्या तिघांना कोण सांगतंय, इथंच फाडा म्हणून?"

मी म्हटलं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पुण्यात नाही, बाहेरच्या देशांतही नाही. तेच तर ती शोधतेय.

दोन ट्रक आले, गेले. मग तारेवरची चिठ्ठी सरळ करत म्हणाला, "कुणालाच ठाऊक न्हाय व्हय? मग पाच वर्षं कमीच झाली की."

शिवप्रिया, मी बत्तीस वर्षं शिकवलं, पण असा विद्यार्थी मला मिळाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तंदूरच्या धुरावर ढकललं. त्याच दिवशी संध्याकाळी तो आपण होऊन महालिंगप्पाकाकांकडं गेला आणि त्यांना नवीन उपरणं देऊन आला. तेव्हा तुझी काळजी मिटली असं समज, मन लावून काम कर, जेवत जा, आणि जंतूंना माझा नमस्कार सांग. त्या तिघांना वेगळा सांग.

अव्वाचे, कडूबाईचे आशीर्वाद. काकांचेही आहेत, पण ते मला सांगत नाहीत, कडूबाईकडून आले.

तुझी,
महानंदा आत्या

ता. क. वर 'काळजी मिटली' असं लिहिलंय ते पत्राला शेवट बरा यावा म्हणून. खरी गोष्ट अशी, की कल्याणप्पानं सोलापूरवाल्यांना अजून नाही म्हटलेलं नाही. शिवलिंगप्पांचा राग फोनवर घालवला, माफी मागितली, आणि येत्या सोमवारी पक्कं उत्तर देतो असं सांगितलं. ते उत्तर काय, ते त्यानं मला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, अक्का, तुझं डोकं दुखत असेल, पड जा.

दुसरा ता. क. हे स्थळ आणलं कुणी, असं तू विचारलं नाहीस म्हणून मीही सांगितलं नाही. वैशाखात अक्कलकोटला एका लग्नात मीच शिवलिंगप्पांच्या बायकोजवळ तुझा विषय काढला होता. तेव्हा तुझा नऊ मिनिटांचा मेसेज आलेला नव्हता, हे ध्यानात घे आणि रागावणं आवर. मुलगा वाईट नाही. त्यानं तीनदा आंबील मागून घेतली, आणि निघताना शेतात मला गाठून विचारलं की ती तीन प्रथिनं एकत्र येतात कशी. मी म्हटलं, ते तिलाच विचार. दीड वर्ष थांबशील का, असंही विचारणार होते, पण तेवढ्यात झेरॉक्सवाला फोटो काढायला आला.

तिसरा ता. क. आता खरं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. रविवारी ढाब्यावर 'पाच वर्षं कमीच झाली की' म्हटल्यावर तो आणखी एक बोलला, आणि ते तुला कळवू नको असं बजावलं. म्हणाला, "तुला नऊ मिनिटं बोलती. मला 'जेवले, ठेवते' एवढंच." थोड्या वेळानं तो परत तेच म्हणाला. तेव्हा यापुढं तुझे निरोप मी नेणार नाही. येत्या रविवारी सकाळची गाडी धर, आणि त्या तिघांचं काय असेल ते त्याच्यासमोर बसून तूच सांग. चित्रं काढ, लागली तर चिठ्ठी फाडून दाखव. मधे तो 'हे कशामुळं?' असं विचारील आणि तुला ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही असंच म्हण, त्याला तेच उत्तर आवडतं. स्टँडवर मी येणार नाही. रविवारी आपलं स्टँडजवळच्या टायरवाल्याकडं काम आहे, असं त्यानं आज दुपारी कुणी न विचारता दोनदा सांगितलं. टायरवाला रविवारी दुकान उघडत नाही हे सगळ्या नळदुर्गाला माहीत आहे, पण तू काही विचारू नकोस, नुसती त्याच्या मागं गाडीवर बस.